गुरुवारचं शटडाऊन: भोसरीतल्या एका डेटाबेस सर्व्हरची केस

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते हे पुण्यात कुणाला वेगळं सांगायला नको. बाकीचे रविवारी झोपलेले असतात तेव्हा तिथे प्रेस धडधडत असतात आणि गुरुवारी सगळं सामसूम, त्यामुळे विजेची मोठी कामंही गुरुवारीच काढतात. ही केस अशाच एका गुरुवारची. कंपनी शीट मेटलचे पार्ट करते, माल चाकणला जातो, नाव सांगत नाही. त्यांनी स्वतःच्या एचटी (हाय टेन्शन, उच्च दाबाच्या) पॅनेलचं आणि ट्रान्सफॉर्मरचं मेंटेनन्स काढलं होतं, सकाळी ११ ते दुपारी ४ अख्खा प्लांट बंद, आणि लोड जनरेटरवर वळवणारं चेंजओव्हर पॅनेलच उघडायचं असल्यामुळे जनरेटर असून नसल्यासारखा. सर्व्हर रूमचा यूपीएस फार तर वीस-पंचवीस मिनिटं खेचतो. म्हणजे ईआरपीचा (कंपनीचा सगळा कारभार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस सर्व्हर रीतसर बंद करून रीतसर चालू करणं आलं, आणि त्यासाठी मला बोलावलं होतं.

सेटअप असा. उबंटू २२.०४ (लिनक्स), त्यावर पोस्टग्रेस १४ हा डेटाबेस, रॅम ३२ जीबी, त्यातले पोस्टग्रेसच्या कॅशसाठी म्हणजे शेअर्ड बफर्ससाठी ८ जीबी. ईआरपी जावातलं, टॉमकॅट नावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालतं, ते दुसऱ्या मशीनवर. डेटाबेसची एक रेप्लिका, म्हणजे सतत अपडेट होणारी प्रत, डेक्कनच्या हेड ऑफिसात, व्हीपीएनवरून स्ट्रीमिंग; भोसरीतला मूळ सर्व्हर तो प्रायमरी. वॉल फाइल्सचं (वॉल म्हणजे प्रत्येक बदल आधी जिच्यात लिहिला जातो ती नोंदवही) आर्काइव्ह भोसरीतल्याच एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीनचा अपटाइम वर्षाच्या पुढे गेलेला. तिथला ॲडमिन, चांगला हुशार पोरगा, त्याला याचा जरा अभिमानच होता, "सर एकदापण रिबूट नाही केलाय." मला मात्र असा अपटाइम बघितला की पोटात गोळा येतो. वर्षभर रिबूट नाही याचा अर्थ वर्षभरात कुणी कुणी चालू मशीनवर हाताने काय काय केलंय आणि त्यातलं किती डिस्कवर लिहून ठेवलंय हे कुणालाच माहीत नाही. मशीन चालतंय ते मेमरीतल्या स्थितीवर, उद्या उठणार ते डिस्कवरच्या स्थितीवर, आणि या दोन्ही एकच आहेत असं आपण नुसतं धरून चालतो.

आधी प्लांट मॅनेजर साहेबांच्या एका प्रश्नाबद्दल, कारण हा प्रश्न सगळीकडे येतो. ते म्हणाले, "एवढं कशाला करायचं, लाइट गेली तर जातेच ना बंद, मग परत चालू केली की होते." बरोबर आहे त्यांचं, पोस्टग्रेस अचानक बंद पडला तरी पुढच्या वेळी वॉल वाचून स्वतःला सावरतो, कमिट झालेला डेटा जात नाही, हे त्याचं मुख्य वैशिष्ट्यच आहे. पण त्याला अटी आहेत. पहिली म्हणजे डिस्कने "लिहिलं" म्हटल्यावर खरंच लिहिलेलं असलं पाहिजे, मध्ये रेड कार्डाचा (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाचा) कॅश असेल आणि त्याची बॅटरी मेलेली असेल तरी कुणी तो कॅश जबरदस्तीने चालू ठेवला असेल, तर ही अट तिथेच मोडते. दुसरी गोष्ट या कंपनीत थेट लागू होती. आम्ही पीजी क्लासमध्ये (पोस्टग्रेसची टेबलांची यादी) बघितलं तर एक टेबल अनलॉग्ड निघालं, म्हणजे ज्याचे बदल वॉलमध्ये लिहिलेच जात नाहीत असं, बारकोड स्कॅनिंगचं. गेटवर माल आला की गनने स्कॅन करतात, त्या नोंदी आधी या टेबलात पडतात आणि स्टोअर्सने मंजूर केल्या की मग खऱ्या टेबलात जातात. कुणीतरी स्पीडसाठी ते अनलॉग्ड केलेलं. अनलॉग्ड टेबल रीतसर शटडाऊनमध्ये टिकतं, पण क्रॅश झाला किंवा इमिजिएट मोडने (मोडबद्दल पुढे येतं) बंद केला तर पुढच्या स्टार्टला पोस्टग्रेस ते रिकामं करून टाकतो, आणि रेप्लिकावरही त्याचा डेटा नसतो. त्या टेबलात बुधवारी संध्याकाळी मंजूर न झालेल्या बऱ्याच नोंदी होत्या. साहेबांना एवढंच सांगितलं की मेन स्विच थेट पाडलात तर कालची आवक परत मोजावी लागेल. विषय संपला. शिवाय क्रॅशनंतर ऑटोव्हॅक्यूम (टेबलातल्या जुन्या मेलेल्या ओळी साफ करणारी प्रोसेस) ज्या आकडेवारीवर चालतो तीही पुसली जाते, म्हणजे कुठल्या टेबलात किती घाण साठलीय हे त्याला काही काळ कळतच नाही, पण हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता.

बुधवारी दुपारीच बसलो. माझं मत असं की शटडाऊनच्या दिवशी करण्यासारखं फार थोडं असतं, खरं काम आदल्या दिवशीचं.

पहिला बघितला तो पीजी सेटिंग्जमधला पेंडिंग रिस्टार्टचा कॉलम, म्हणजे फाइलमध्ये बदललेल्या पण रिस्टार्टशिवाय लागू न होणाऱ्या सेटिंग्ज. यात एक नाव आलं, मॅक्स कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती जण जोडू शकतात ते. चालू किंमत १००, पण फाइलमध्ये ४००. ॲडमिनला विचारलं तर म्हणाला मध्यंतरी ईआरपीला "टू मेनी क्लायंट्स" असा एरर यायचा म्हणून आधीच्या व्हेंडरच्या माणसाने अल्टर सिस्टीम या कमांडने वाढवलं होतं आणि पुढच्या रिस्टार्टला लागू होईल म्हणून निघून गेला. आता ही गोष्ट दिसायला साधी आहे पण रेप्लिका असताना साधी नाही. मॅक्स कनेक्शन्स वाढवायचं तर आधी रेप्लिकावर वाढवायचं आणि मग प्रायमरीवर, असा नियम आहे, कारण रेप्लिकावरची किंमत प्रायमरीपेक्षा कमी असून चालत नाही. उलटं केलं तर पोस्टग्रेस १४ मध्ये रेप्लिकावरचा रिप्ले (आलेला वॉल लागू करणं) थांबून राहतो आणि रेप्लिका रिस्टार्ट केली तर ती हॉट स्टँडबाय (वाचायला खुली प्रत) म्हणून उठतच नाही. म्हणजे गुरुवारी भोसरीतला सर्व्हर मस्त चालू झाला असता आणि डेक्कनची रेप्लिका गुपचूप मागे पडत गेली असती, हेड ऑफिसचे रिपोर्ट तिच्यावरून निघतात, त्यात शुक्रवारची विक्री आलीच नसती. ॲडमिनचं म्हणणं की मग रेप्लिकावरपण आजच वाढवून टाकू. मी नको म्हटलं. बंद-चालू करायच्या दिवशी सोबत दुसरा कुठलाच बदल नको, कारण काही बिघडलं तर ते बदलामुळे की रिस्टार्टमुळे हे शोधत बसावं लागतं. बदल मागे घेतला, रिलोड केला, कॉलम परत बघितला, रिकामा.

मग माउंट, म्हणजे मशीनला जोडलेलं स्टोरेज. जे आत्ता माउंट आहे आणि जे एफस्टॅबमध्ये (बूटला काय काय जोडायचं त्याची फाइल) लिहिलंय ते शेजारी ठेवून बघितलं. डेटाची डिस्क नीट होती. नॅसची नव्हती. नॅसचा आयपी कधीतरी बदलला, तेव्हा जुनी ओळ कुणीतरी कॉमेंट करून टाकली आणि नवा माउंट हाताने केला, झालं, काम चालू. मशीन रिबूट झालं असतं तर त्या जागी नुसता रिकामा लोकल फोल्डर राहिला असता आणि गंमत म्हणजे वॉल फाइल्स नॅसवर कॉपी करणाऱ्या आर्काइव्ह कमांडला यातलं काहीच कळलं नसतं. ती म्हणते फाइल आधीपासून नाहीये ना, मग कॉपी करते. कॉपी यशस्वी. वॉल फाइल्स नॅसऐवजी सर्व्हरच्याच रूट डिस्कवर साठत गेल्या असत्या, एरर कुठेच नाही, आणि काही दिवसांनी रूट फुल. एफस्टॅबमध्ये नवी ओळ टाकली, नोफेल सकट, म्हणजे नॅस उशिरा उठला तरी सर्व्हरचा बूट अडकणार नाही. अजून एक केलं. नॅस माउंट नसताना खालचा जो रिकामा फोल्डर उघडा पडतो त्याची मालकी रूटकडे ठेवली, पोस्टग्रेस युजरला तिथे लिहिताच येणार नाही अशी. मग माउंट नसेल तर कॉपी फेल होते आणि पोस्टग्रेस त्या वॉल फाइल्स स्वतःकडे धरून ठेवतो. फेल झालेलं परवडतं, खोटं यश परवडत नाही.

तिसरं, स्टार्ट डॉट कॉन्फ नावाची एक छोटी फाइल डेबियन-उबंटूच्या पोस्टग्रेसमध्ये असते, तिच्यात ऑटोचं मॅन्युअल केलं. म्हणजे मशीन बूट झालं तरी डेटाबेस आपणहून उठणार नाही, आम्ही माउंट वगैरे बघून हाताने उठवू. टॉमकॅटचाही ऑटोस्टार्ट काढला. रात्री बॅकअप झाला, तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडतोय हेही बघितलं. याबद्दल जास्त लिहीत नाही, न उघडून बघितलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, करत कुणी नाही एवढंच.

गुरुवारी सकाळी क्रम ठरलेला, आधी ॲप्लिकेशन मग डेटाबेस. टॉमकॅट बंद केला, रिपोर्टचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बंद केले, आणि मग पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी, म्हणजे आत्ता कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी, बघितली. सुट्टीचा दिवस, टॉमकॅट बंद, म्हणजे कुणीच नसायला हवं. पण एक सेशन होतं, आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून काहीच न करता बसलेलं, आणि ते सोमवारपासून तसंच. आयपीवरून कळलं वजनकाट्याचा पीसी. त्यावर एक जुनं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे जे ईआरपीला न विचारता थेट डेटाबेसला जोडतं. डिस्पॅचच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, काट्यावरचं सॉफ्टवेअर बंद केलेलं का बुधवारी जाताना?"

"अहो ते बंद करायचं असतं का? आम्ही फक्त स्क्रीन बंद करतो."

इथे शटडाऊनच्या मोडचा फरक समजतो. पोस्टग्रेसला तीन मोड आहेत. स्मार्ट म्हणजे नवीन कुणाला आत घेणार नाही पण आत आहेत ते आपणहून जाईपर्यंत थांबणार. नाव स्मार्ट असलं तरी या काट्याच्या पीसीपुढे तो अनंतकाळ बसून राहिला असता. फास्ट म्हणजे सगळ्यांना बाहेर काढणार, अर्धवट ट्रान्झॅक्शन रोलबॅक करणार (मागे घेणार), चेकपॉइंट करणार (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणार) आणि नीट बंद होणार. ९.५ पासून डिफॉल्ट हाच आहे आणि व्यवहारात हाच वापरायचा. इमिजिएट म्हणजे चेकपॉइंट वगैरे काही नाही, जवळजवळ वीज गेल्यासारखंच, पुढच्या वेळी रिकव्हरी, आणि वर सांगितलेलं अनलॉग्ड टेबल साफ.

फास्टने ते सेशन उडणारच होतं, पण उडवायच्या आधी त्यात काही न कमिट केलेलं काम आहे का हे बघणं भाग होतं. त्यासाठी त्याच ॲक्टिव्हिटीच्या व्ह्यूमध्ये बॅकएंड एक्सआयडी बघायचा. ट्रान्झॅक्शनने काहीही लिहिलं की त्याला नंबर मिळतो, इथे तो रिकामा होता आणि शेवटची क्वेरी साधी सिलेक्ट. म्हणजे नुसतंच उघडून बसलेलं. उडवलं. तो नंबर भरलेला असता तर मी मॅडमना भोसरीला बोलावून ते सॉफ्टवेअर त्यांच्याच हाताने सेव्ह करून बंद करायला लावलं असतं, सुट्टी असो नसो. पीजी प्रिपेअर्ड एक्सॅक्ट्सही (दोन टप्प्यांत कमिट होणारी, मध्येच राहिलेली ट्रान्झॅक्शन्स) बघून घेतलं, तिथे काही नव्हतं.

मग हाताने एक चेकपॉइंट दिला. फास्ट शटडाऊन शेवटी चेकपॉइंट करतोच, पण आधी एकदा दिला की साठलेली बरीचशी घाण पाने (मेमरीत बदललेली पण डिस्कवर न लिहिलेली) डिस्कवर गेलेली असतात आणि शेवटचा चेकपॉइंट पटकन आटोपतो. हे का महत्त्वाचं, तर पीजी कंट्रोल (सर्व्हर चालू-बंद करणारी कमांड) बंद होण्याची वाट बघतो साधारण ६० सेकंद, तेवढ्यात झालं नाही तर "सर्व्हर बंद होत नाही" असं सांगून मोकळा होतो. प्रत्यक्षात शटडाऊन मागे चालूच असतं. पण समोरच्याला वाटतं अडकलं, आणि मग तो किल मायनस नऊ (प्रोसेस जागीच मारणारी कमांड) मारतो. तसं पोस्टमास्टरला (पोस्टग्रेसच्या मुख्य प्रोसेसला) कधीच मारायचं नाही, त्याच्या खालच्या प्रोसेस मागे राहू शकतात, शेअर्ड मेमरी तशीच सुटते. काही वाटलं तर लॉग बघावा आणि चहा घ्यावा. आमचं काही सेकंदांत झालं, व्हीपीएन चालू होता म्हणून रेप्लिकाचंही, कारण प्रायमरी बंद होताना जोडलेल्या रेप्लिकाला शेवटच्या चेकपॉइंटपर्यंतचा सगळा वॉल पाठवून होईपर्यंत थांबतो. म्हणून रेप्लिका आधी बंद करायची नाही.

बंद झाल्यावर पीजी कंट्रोलडेटा चालवला. क्लस्टर स्टेट "शट डाऊन" पाहिजे, "इन प्रॉडक्शन" दिसलं तर समजायचं नीट मिटलेलं नाही. शेवटच्या चेकपॉइंटचं लोकेशन कागदावर लिहून घेतलं आणि रेप्लिकाला शेवटचा वॉल कुठपर्यंत मिळाला ते तिकडून मागवून ताडून बघितलं. चार महत्त्वाच्या टेबलांचे काउंट आधीच लिहिलेले होते. मग ओएस शटडाऊन, नॅस शटडाऊन, आणि प्लग चक्क भिंतीतून काढले. ॲडमिन हसत होता, पण विजेचं काम चालू असताना सप्लाय एकदाच येत नाही, टेस्टिंगसाठी तो येतो-जातो, आणि बऱ्याच सर्व्हरचं बायोस सेटिंग वीज आली की उठायचं असं असतं. बूट होता होता परत लाइट जाणार, तेही तीन-चार वेळा. त्यापेक्षा प्लग काढलेला बरा.

काम साडेचारला संपलं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने फेज, न्यूट्रल, व्होल्टेज मोजून हो म्हटल्यावर आधी यूपीएस, मग नॅस, तो पूर्ण उठल्यावर सर्व्हर. नॅस माउंट झालेला. घड्याळ बघितलं, मदरबोर्डची बॅटरी संपली असेल तर इतके तास प्लग काढल्यावर सर्व्हर भलत्याच सालात उठतो आणि इनव्हॉइसवर त्याच तारखा पडतात, इथे बरोबर होतं. मग पोस्टग्रेस स्टार्ट.

नाही झाला.

लॉगमध्ये आलं की शेअर्ड मेमरी मॅप करता येत नाही, मेमरी मिळत नाही, आणि खाली हिंट, की शेअर्ड बफर्स किंवा मॅक्स कनेक्शन्स कमी करून बघा. ३२ जीबीचं ताजं बूट झालेलं मशीन, त्यावर दुसरं काही चालू नाही, आणि ८ जीबी मिळत नाही. ॲडमिनने लगेच फाइल उघडली, शेअर्ड बफर्स २ जीबी करू का म्हणून. हिंट तसंच सुचवते, त्यामुळे त्याला दोष नाही, पण काल याच आकड्यांवर हा सर्व्हर चालत होता, मग आकड्यांना हात का लावायचा? कालपासून काय बदललं, तर फक्त बूट. त्याच हिंटमध्ये मेमरी आणि स्वॅपच्या पुढे ह्यूज पेजेसचाही (मेमरीचे मोठे तुकडे, आधीच राखून ठेवायचे) उल्लेख असतो, तिथपर्यंत कुणी वाचत नाही. कॉन्फिगमध्ये ह्यूज पेजेस ऑन होतं. डिफॉल्ट ट्राय असतं, ट्राय असेल तर ह्यूज पेज मिळाले नाहीत तरी साध्या पेजवर काम भागवतो, ऑन असेल तर मिळालेच पाहिजेत नाहीतर उठणार नाही. मेमइन्फोमध्ये (लिनक्स मेमरीचा हिशेब दाखवतो तिथे) ह्यूज पेजेस टोटल शून्य. म्हणजे आधीच्या माणसाने सिसकंट्रोलने (लिनक्स कर्नलच्या सेटिंग्ज बदलणारी कमांड) चालू मशीनवर पेजेस राखून ठेवले, पोस्टग्रेस सर्व्हिस रिस्टार्ट केली, चाललं, आणि ते फाइलमध्ये लिहिलंच नाही. सर्व्हिस कितीही वेळा रिस्टार्ट केली असती तरी हे कधी सापडलं नसतं, मशीन बूट झालं तेव्हाच उघडं पडलं.

एक पेज २ एमबीचं, ८ जीबीला ४०९६ लागतात, पण पोस्टग्रेसची एकूण शेअर्ड मेमरी नुसत्या शेअर्ड बफर्सपेक्षा जास्त असते म्हणून ४४०० लिहिले, यावेळी सिसकंट्रोलच्या फाइलमध्ये. लागू केलं, स्टार्ट केलं. लॉगमध्ये आधी "सिस्टीम अमुक वाजता शट डाऊन झाली होती" अशी ओळ आली, सकाळचीच वेळ, आणि मग "कनेक्शन घ्यायला तयार". "नीट शटडाऊन झाली नव्हती, रिकव्हरी चालू" अशी ओळ आली असती तर सकाळचं काहीतरी फसलं असं समजायचं. इथे उबंटूवाल्यांनी एक लक्षात ठेवा, सिस्टीमडीमध्ये (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) नुसत्या पोस्टग्रेस नावाच्या सर्व्हिसचा स्टेटस हिरवा दिसतो पण ती रिकामी छत्री सर्व्हिस आहे, खरा सर्व्हर १४-मेन वाल्या नावाखाली असतो, तिथे बघायचं. आमचा डेटाबेस पडलेला होता तेव्हाही ती वरची सर्व्हिस हिरवीच होती.

मग रेप्लिका स्ट्रीमिंगला आली, आर्काइव्हरने एक नवी फाइल नॅसवर खरोखर टाकली हे नॅसवर जाऊन बघितलं, काउंट जुळले, बारकोडच्या टेबलातल्या नोंदी जशाच्या तशा. टॉमकॅट सगळ्यात शेवटी. पहिल्या स्टॉक रिपोर्टला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला, कारण कॅश रिकामा, सगळं डिस्कवरून येतंय. आम्ही तोच आणि अजून दोन मोठे रिपोर्ट मुद्दाम चालवून ठेवले म्हणजे शुक्रवारी सात वाजताच्या शिफ्टला कुणी फोन करणार नाही. पीजी प्रीवॉर्मने हे आपोआप होतं, पण त्यासाठी लायब्ररी आधी लोड करावी लागते आणि तो परत एक बदल, म्हणून त्या दिवशी नाही. स्टार्ट डॉट कॉन्फ परत ऑटो, टॉमकॅटचा ऑटोस्टार्ट परत चालू, आणि मग मुद्दाम अजून एकदा मशीन पूर्ण रिबूट केलं, कुणी कशाला हात न लावता सगळं उठतंय का बघायला. ॲडमिनच्या चेहऱ्यावर नाराजी दिसत होती, सगळं चालू झालेलं असताना परत कशाला म्हणून. पण आधीच्या बूटमध्ये आम्ही सिसकंट्रोल हाताने लागू केलं होतं, फाइल बरोबर आहे हे बूट केल्याशिवाय सिद्ध होत नाही. उठलं.

नंतर वजनकाट्याच्या युजरला आयडल इन ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट लावला, तासाभराचा. आणि त्या "टू मेनी क्लायंट्स"चं मूळ टॉमकॅटच्या कनेक्शन पूलमध्ये (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यात) निघालं, तीन ॲप्लिकेशन्स प्रत्येकी पन्नास कनेक्शन धरून बसायची. पूल कमी केला, एरर गेला, मॅक्स कनेक्शन्स अजून १०० वरच आहे.